मेसमध्ये आधी कळतं

पुष्पलताला फुटबॉलमधलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. ऑफसाइड म्हणजे काय, हे तिला अकरा वर्षांत चार जणांनी चार तऱ्हांनी समजावलं. दर वेळी तिनं मान डोलावली आणि ती पातेल्याकडे वळली. तरीही पालघर-बोईसर रस्त्यावरच्या त्या फुटबॉल अकादमीत कोणता मुलगा पुढे जाणार आणि कोणाला घरी पाठवणार, हे मुलांच्या आईबापांच्या कितीतरी आधी तिला कळायचं. कारण अगदी साधं होतं. प्रशिक्षक चहा प्यायला मेसच्या मागच्या ओट्यावर बसायचे, आणि चहा ती करायची.

ती नवापूरची. नवरा ललित मच्छीमार होडीवर. त्याच्या वाट्याला आलेले मांदेली-बोंबील पाटीत घालून ती बोईसरच्या चाळींमधून दारोदार विकायची. गिऱ्हाइकं बांधलेली होती, जीभ गोड होती, धंदा बरा चालायचा. तो सोडून चाळीस मुलांचा स्वयंपाक अंगावर घ्यायचं तिचं काही अडलं नव्हतं. ती आली केदारसाठी.

केदार, तिचा एकुलता एक, तेव्हा बारा वर्षांचा होता. ओहोटी लागली की नवापूरच्या किनाऱ्यावरची वाळू टणक होते, आणि त्या वाळूवर गावातली पोरं अनवाणी फुटबॉल खेळतात. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत केदार तिथून हलायचा नाही. काठावर काढून ठेवलेले त्याचे शाळेचे बूट दोनदा समुद्रानं नेले. ललित चिडायचा, पुष्पलता नवे बूट आणायची. मग एका गिऱ्हाइकाकडून तिला कळलं की मुंबईच्या क्लबातून खेळलेले कोणी सुजीत सर चिकूची एक जुनी वाडी मोडून तिथे मैदान करतायत, मुलांना ठेवून घेऊन फुटबॉल शिकवणार आहेत, आणि त्यांना स्वयंपाकाला बाई हवी आहे. दुसऱ्या दिवशी पाटी घरी ठेवून, केदारला हाताला धरून ती तिथे गेली.

"जेवण मी करीन," ती सुजीत सरांना म्हणाली. "पण माझ्या पोराला घ्यावं लागंल."

सर हसले. त्यांनी अर्धा तास केदारला पळवलं, चेंडू दिला, काढून घेतला, पुन्हा दिला. मग मेससाठी उभ्या केलेल्या रिकाम्या शेडकडे बोट दाखवून ते म्हणाले, "शेगड्या कुठे लावायच्या ते तुम्हीच ठरवा, मावशी."

त्यानंतरची चार वर्षं फार सुखाची गेली, असं ती आजही म्हणते. पहाटेची पहिली सहा आसनी रिक्षा पकडून ती यायची आणि मुलं मैदानावरून परतायच्या आत न्याहारी तयार ठेवायची. मुंबईहून एक बाई येऊन भिंतीला आहाराचा तक्ता लावून गेली होती. त्यात ओट्स लिहिलेले होते. पुष्पलतानं चार दिवस ओट्स केले, मुलांनी चार दिवस टाकले. पाचव्या दिवशी तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील केली आणि तक्ता तसाच भिंतीवर राहू दिला. कुणाला उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक चालत नाही, कोण सामना हरल्यावर जेवत नाही, कोण घरून फोन आल्यावर दोन पोळ्या जास्त खातो, हे सगळं तिला पाठ झालं.

केदारला मात्र ती जास्त वाढायची नाही. उलट त्याची पाळी आली की तिचा हात आखडायचा, कुणी काही म्हणू नये म्हणून. केदारलाही ते समजत असावं, कारण तो कधी ताट पुढे करून उभा राहिला नाही. रविवारी घरी त्याची भरपाई व्हायची. तव्यावरचा मोठा तुकडा त्याच्याच ताटात पडायचा आणि तो तोंडात घास असतानाच बोलत राहायचा. कोणाचा पास कसा होता, कोणत्या क्लबाचा माणूस मुलं बघायला येणार आहे, गोव्याच्या क्लबात गेल्यावर काय काय करायचं. अकादमीच्या फाटकावर बोर्ड होता, 'उद्याचे व्यावसायिक खेळाडू इथे घडतात'. त्यातला एक आपल्या घरात जेवतोय, असं पुष्पलताला वाटायचं.

केदार दहावीत गेला त्या वर्षी, गणपती नुकतेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारचा सराव संपला होता. ओट्यावर सुजीत सर आणि कोल्हापूरहून आलेले दुसरे प्रशिक्षक इंद्रजीत सर बसले होते.

"केदारचं काय करायचं?" इंद्रजीत सरांनी विचारलं.

"काय करायचं म्हणजे?"

"पोरगं जीव तोडून खेळतंय, त्यात खोट नाही. पण त्याच्या पायात वेग नाही सर, आणि आता तो यायचाही नाही. वरच्या संघात हा टिकणार नाही."

सुजीत सरांनी गळ्यातली शिट्टी काढून ओट्यावर ठेवली. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "एप्रिलला बघू. आत्ता काढला तर लीगमध्ये मधल्या फळीत कोण खेळेल?"

दाराच्या आत पुष्पलता चहा गाळत होती. कप भरला, बशी भरली, चहा खाली सांडून ओघळत गेला तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. तिनं फडक्यानं पुसलं, दुसरा कप भरला आणि बाहेर नेऊन दिला. सुजीत सरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

तिनं केदारला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत दिवस गेले. कधी तो इतका खुशीत असायचा की तोंडून निघायचं नाही. कधी तिला वाटायचं, सर म्हणजे काही देव नाहीत, मधे सहा महिने आहेत, पोरगा वाढेल, पळेल. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच ते ऐकलेलं नको होतं. मार्चमध्ये दहावीचे पेपर आणि गोव्याची एक स्पर्धा एकाच वेळी आली. परीक्षा काय, पुन्हा देता येते, असं ठरलं. पालकांच्या संमतीचा कागद मुलांच्या हाती घरी आला. ललित होडीवर होता. पुष्पलतानं सही केली, आणि केदार पेपर सोडून स्पर्धेला गेला.

एप्रिलमध्ये यादी लागली. तीत केदारचं नाव नव्हतं.

त्याची समजूत घालताना इंद्रजीत सर भाबडेपणानं बोलून गेले की हे तुझ्या आत्ताच्या खेळावरून नाही, हे सप्टेंबरमध्येच ठरलं होतं. केदार घरी आला. पुष्पलता अंगणात सुकवलेले बोंबील काढून पोत्यात भरत होती. तो तिच्यासमोर उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

ती खोटं बोलू शकली असती. "होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"कागदावर सही केलीस, तेव्हा पण?"

तिनं मान डोलावली. केदार आत गेला. बूट पिशवीत घालून त्यानं ती माळ्यावर टाकली आणि चार दिवसांनी तो बापाबरोबर होडीवर गेला.

तो काही घर सोडून गेला नाही, भांडलाही नाही. दोन वर्षं खलाशी म्हणून राबला. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाला, आयटीआय केलं आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागला. चांगला पोरगा, कामाला वाघ, असं सगळे म्हणायचे. पण आईशी त्याचं बोलणं तीन-चार शब्दांवर आलं होतं. जेवलो. येतो. नको. पुष्पलतानंही त्याला कधी छेडलं नाही. जे तिच्या हातून झालं होतं त्याचा हिशेब एवढ्यावर भागला, असंच ती धरून चालली.

मेसचं काम तिनं सोडलं नाही. मधे कोविडमध्ये अकादमी बंद पडली, तेव्हा ती पुन्हा सुकी मासळी विकायला लागली. अकादमी उघडल्यावर परत आली. ललितनं एकदा विचारलं, "तिथं कशाला जातेस अजून?" दर जूनला नवी मुलं यायची, पहिल्या रात्री पांघरुणात रडलेली तोंडं घेऊन सकाळी न्याहारीला बसायची. त्यांच्यासमोर कुणीतरी ओळखीचं असायला हवं, एवढंच तिला वाटायचं.

आणि दर एप्रिलला काही जण जायचे. ती त्यांचे नंबर मागून घ्यायची. कुणी विरारला पार्सलं पोचवायला लागला, कुणी सिल्वासाला कारखान्यात. दोघे पोलिसात भरती झाले. धावण्याच्या चाचणीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो मावशी, असं त्यांनी फोनवर सांगितलं. एकानं फोन उचलणंच बंद केलं. आणि सफाळ्याचा प्रदीप खरोखरच गोव्याच्या क्लबात गेला. फाटकावरच्या बोर्डावर आता त्याचा फोटो आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. "बहुतेक सामने बाकावर बसून बघतो," तो म्हणतो, "पण पगार मिळतो, मावशी. खेळायचा पगार मिळतो." हे सांगताना त्याचा आवाज असा होतो की पुष्पलताला भरून येतं. अकादमी नसती तर सफाळ्याच्या भाताच्या खाचरांतून प्रदीपला गोव्यापर्यंत कुणी नेलं नसतं, हे तिला पक्कं माहीत आहे. आणि प्रदीपच्या बरोबरीनं पंगतीला बसलेल्या बाकीच्यांची नावंही तिला माहीत आहेत.

जिवल्या आला तो तीन वर्षांपूर्वी, आठवीत. जव्हारच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. घरची थोडी पावसाच्या भरवशावरची जमीन. दिवाळी झाली की आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे ते पाऊस तोंडावर आल्यावरच परतायचे. आश्रमशाळेतल्या एका मास्तरांनी त्याचा खेळ पाहून त्याला इथे आणून सोडलं होतं. पहिले तीन दिवस त्यानं नुसता भात खाल्ला, आमटीसुद्धा घेतली नाही. पुष्पलतानं त्याला बाजूला घेऊन विचारलं, "घरी काय खातोस?"

"नागलीची भाकर. आन् सुकट."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून सुकट आणली. जिवल्यानं भाकरी खाल्ली, ताट धुतलं आणि काही न बोलता तिच्या शेजारी बसून लसूण सोलायला लागला. तेव्हापासून ते त्याचं ठरूनच गेलं. सुट्ट्यांत बाकीची मुलं घरी जात, याच्या घराला कुलूप. मग तो मेसमध्ये बसून लसूण सोलायचा, कोथिंबीर निवडायचा, आणि मनात आलं तर पाड्यावरच्या गोष्टी सांगायचा. मैदानावर तो डाव्या बाजूनं असा सुसाट निघायचा की पुष्पलतासारखी खेळ न कळणारी बाईसुद्धा झारा हातात धरून दाराशी येऊन उभी राहायची.

मागच्या वर्षी, जिवल्या दहावीत असताना, पुन्हा सप्टेंबर आला. पुन्हा ओट्यावर चहा झाला.

"जिवल्या पळतो, पण चेंडू पायात आला की पुढे काय, हे त्याला उमगत नाही," इंद्रजीत सर म्हणाले. "दोन वर्षं सांगून झालं. सर, याच्यातून खेळाडू निघणार नाही."

"एप्रिलला सांगू," सुजीत सर म्हणाले.

या वेळी पुष्पलताच्या हातून काही सांडलं नाही. इंद्रजीत सर मैदानाकडे गेले तसा तिनं पदर खोचला आणि ती बाहेर आली.

"सर, जिवल्याला आत्ताच सांगा."

सुजीत सरांनी कप खाली ठेवला. "आत्ता सांगितलं तर तो खचेल, मावशी. घरी निघून जाईल."

"जाऊ दे. दहावीचा अभ्यास तरी करंल."

"कोणत्या घरी जाईल? दिवाळीनंतर त्याचे आईबाप भट्टीवर असतात. इथे निदान दोन वेळा पोटभर जेवतो, शाळेत नाव आहे." ते थांबले. "आणि सोळा वर्षांच्या मुलाबद्दल खात्रीनं कुणाला सांगता येतं? आम्ही चुकतोही."

"केदारच्या बाबतीत चुकलात?"

सरांनी खाली ठेवलेला कप उगाच फिरवला.

"तुमी नाय सांगितलं तर मी सांगणार," ती म्हणाली.

"तुमचं काम मेसचं आहे, मावशी." सर हे रागानं बोलले नाहीत. विनवल्यासारखं बोलले, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जिवल्या लसूण घेऊन बसला होता. पुष्पलता त्याच्यासमोर पाटावर बसली आणि तिनं जे ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. गोड केलं नाही, वाढवलंही नाही. जिवल्याचे हात थांबले नाहीत. तो एकेक पाकळी सोलत राहिला, टोपली रिकामी होईपर्यंत.

"एप्रिलला काढणार?"

"व्हय. तसंच बोलत होते."

"मग मी आता काय करू, मावशी?"

याचा तिनं विचारच केला नव्हता. सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सहा वर्षं तिनं तेवढंच घोकलं होतं. पुढे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. "मला नाय माहीत," ती म्हणाली. "पण विचारून सांगते."

त्या संध्याकाळी केदार कामावरून आला. तिनं त्याला वाढलं आणि रोजच्यासारखी आत न जाता समोर बसली.

"अकादमीत एक पोरगा हाय, जिवल्या," ती म्हणाली. "त्यालाबी काढणार हायत. मी त्याला सांगून टाकलं. आता तो विचारतो, पुढे काय करू. मला नाय सांगता येत."

केदारचा घास हातातच राहिला. "मग मला कशाला सांगतेस?"

"तुझ्यावरून गेलंय ते."

त्यानं ताट संपवलं. हात धुतले, पुसले. दाराशी जाऊन चप्पल घालताना म्हणाला, "सुट्टीला येतो."

आणि तो आला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याची मोटारसायकल त्या फाटकातून आत आली. मैदानाकडे त्यानं एकदा पाहिलं, मग सरळ मेसच्या मागे येऊन ओट्यावर बसला. जिवल्या थोडं अंतर ठेवून बसला. पुष्पलता आत भाजी चिरत होती. ओट्यावरचं बोलणं तिला नेहमीसारखंच स्पष्ट ऐकू येत होतं.

"चांगला खेळतोस?" केदारनं विचारलं.

"हा."

"मीपण खेळायचो. चांगला खेळायचो. ते खोटं नव्हतं." ओट्यावर किल्ली ठेवल्याचा आवाज झाला. "काढलं तेव्हा वाटलं, चार वर्षं फुकट गेली. होडीवर दोन वर्षं तेच डोक्यात. मग एकदा जाळं ओढताना होडीचा तांडेल मला म्हणाला, तू दमत कसा नाहीस रे. तेव्हा आठवलं, ते मी इथंच शिकलो. दमायचं नाही, आणि दमलं तरी कुणाला दाखवायचं नाही."

"मला गोव्याच्या क्लबात जायचा होता," जिवल्या म्हणाला.

"मलापण." केदारचा आवाज उतरला. "ते जायला वेळ लागतो. अजून पूर्ण गेलेलं नाही. पण ऐक. मला राग आला तो काढलं म्हणून नव्हता. मला कुणी सांगितलं नाही, त्याचा होता. तुला सांगितलंय. तुझ्याकडे सहा महिने आहेत. मार्चमध्ये स्पर्धेचा कागद आला तर नाही म्हण आणि पेपरला बस. गणितात काय अडतं ते माझ्याकडे आण. बाकी खेळ. आता तर तुला कुणाला काही दाखवायचं नाही, मग खेळ हवा तसा."

जिवल्या उठून गेला तरी केदार बसून राहिला. मग तो आत आला. पुष्पलतानं त्याला ताट वाढलं. मुलांचंच जेवण होतं, वरण-भात आणि दुधीची भाजी. चार घास झाल्यावर तो ताटाकडे बघतच म्हणाला, "त्याला सांगितलंस ते बरं केलंस."

"तुला नाय सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

शेगडीवर पाणी उकळत होतं. तिनं गॅस बारीक केला.

"सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं," केदार म्हणाला. "तुझ्यावरच चिडलो असतो. तरी सांगायला हवं होतंस, आई."

"व्हय," पुष्पलता म्हणाली. "सांगायला हवं होतं." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. केदारनं आणखी भात मागितला. तिनं वाढला, आणि या वेळी तिचा हात आखडला नाही.

पुढचे आठ दिवस तिनं नोकरी गेलीच असं धरून काढले. कारण जिवल्या सरळ सुजीत सरांच्या खोलीत गेला होता आणि त्यानं तोंडावर विचारलं होतं, "सर, माझ्यातून खेळाडू निघणार नाय ना?" सरांनी काय उत्तर दिलं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी सर मेसमध्ये आले आणि मुलांच्या बाकावर बसले.

"मी अठरा वर्षांचा होतो," ते म्हणाले. "क्लबच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. मी तीन वेळा वाचला. वाटलं, माझं नाव टाइप करायचं राहिलं असेल. ऑफिसात विचारायलाही गेलो." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "आणि मी तेच करत होतो, मावशी. कागद लावत होतो."

पुष्पलतानं त्यांच्यासमोर चहा ठेवला. "साखर कमी घातलीय," ती म्हणाली, "तुमाला डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या दिवाळीच्या आधी सुजीत सरांनी सगळ्या पालकांना बोलावलं आणि एकेकाला बाजूला घेऊन आपला अंदाज सांगितला. चुकू शकतो, हेही सांगितलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन बाप भांडले. तीन मुलं त्याच आठवड्यात सामान घेऊन गेली, आणि त्यातला एक इतका चांगला गोलरक्षक होता की सर अजून हळहळतात. इंद्रजीत सर आठ दिवस तोंड पाडून वावरत होते, लीगचं वाटोळं झालं म्हणून. फाटकावरचा बोर्ड मात्र तसाच आहे. तो काढला तर मुलं येणारच नाहीत, असं सर म्हणतात, आणि पुष्पलता रोज त्याच्याखालून आत येते.

जिवल्या एप्रिलपर्यंत राहिला. त्या सहा महिन्यांत तो असा खेळला की इंद्रजीत सरांनीच एकदा ओट्यावर विचारलं, "आपलं चुकलं तर नाही ना?" पण फेब्रुवारीत क्लबांची माणसं येऊन बघून गेली आणि त्यांनी दुसरीच दोन नावं लिहून घेतली. मार्चमध्ये तो पेपरला बसला. केदारनं त्याला गणित शिकवलं, सुट्टीच्या दिवशी, कधी ओट्यावर, कधी नवापूरच्या घरी. अठ्ठेचाळीस टक्के पडले. गणितात पंचावन्न. आता तो आयटीआयला फिटरचं शिकतो आणि रविवारी बोईसरच्या एका कारखान्याच्या संघातून खेळतो. त्याच संघात मधल्या फळीत केदारही खेळतो. जिवल्यानंच त्याला ओढून नेलं. माळ्यावरचे जुने बूट आता पायात जात नव्हते, म्हणून केदारनं नवे घेतले. पुष्पलता एकदा बघायला गेली होती. केदारच्या पायात खरंच वेग नाही, हे तिलासुद्धा दिसलं. तो चेंडू अडवायचा आणि मान वर न करता जिवल्याच्या बाजूला ढकलायचा, आणि जिवल्या सुटायचा. सामना ते हरले. दोघे येताना रस्ताभर भांडत होते, चूक कुणाची यावरून, आणि ती मागून ऐकत चालली होती.

यंदा मे महिन्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन अकादमीत आले. ज्ञानेश त्यांचं नाव. मूळचे लातूरकडचे, बोईसरला कापडाच्या कारखान्यात कामाला. सरांना भेटून झाल्यावर ते मेसच्या दाराशी घोटाळले. मुलगा अकरा-बारा वर्षांचा, बापाच्या मागे उभा राहून आत डोकावत होता.

"तुम्ही इथल्या जुन्या आहात म्हणे," ज्ञानेश म्हणाले. "खरं सांगा मावशी. इथं येऊन पोरं पुढं जातात का? म्हणजे, खेळाडू होतात का?"

पुष्पलतानं हात पुसले. "या, बसा आधी," ती म्हणाली. तिनं दोघांपुढे पोहे ठेवले. मुलगा लगेच खायला लागला.

"एखादा होतो," ती म्हणाली. "एक झालाय, तो गोव्याला हाय. बाकीचे नाय झाले. त्यातलाच एक माझा पोरगा. तुमचा कुठला, ते मला सांगता येत नाय, सरांनाबी आज नाय येणार सांगता. इथं खायला नीट मिळतं, शिकवणारे मनापासून शिकवतात. शाळेवर लक्ष तुमी ठेवायचं. महिन्यातून एकदा येऊन बसा, वही बघा त्याची."

ज्ञानेश यांनी मुलाच्या शर्टावर सांडलेले पोहे झटकले. "आणि नाही जमलं तर?"

"तर आमी सांगू. वेळेवर सांगू," पुष्पलता म्हणाली. मग ती मुलाकडे वळली. "अंड्यातला पिवळा खातोस का रे?"

मुलानं बापाकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत आणखी थोडे पोहे घातले.